पद्माकर शिवलकर आणि मिलिंद रेगे : भारताच्या टोपीपलीकडची आठवण

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईचे माजी कर्णधार मिलिंद रेगे गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ७६ वर्षे पूर्ण केली होती. नागपुरात त्या वेळी मुंबई आणि विदर्भ यांच्यातील रणजी करंडकाचा उपांत्य सामना चालू होता आणि मुंबईचे खेळाडू दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले. त्यानंतर पंधरवडा उलटायच्या आत, ३ मार्चला, मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांच्या निधनाची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामना होता. ज्या देशाकडून शिवलकरांना एकही कसोटी खेळता आली नाही, त्या देशाचा संघ त्यांच्यासाठी काळी फीत लावून खेळला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दोघांच्याही मृत्युलेखांत एक वाक्य हमखास होते: भारताकडून खेळण्याची संधी न मिळालेला गुणी खेळाडू. शिवलकरांच्या बाबतीत तर बहुतेक मथळे त्याच अर्थाचे होते. हे वाक्य खोटे नाही आणि ते लिहिणाऱ्यांच्या मनात आदरच होता. तरीही ते वाचताना मन अस्वस्थ होते, कारण शिवलकरांना टोपी, म्हणजे भारताकडून खेळण्याची संधी, न मिळणे ही निवड समितीने केलेली गोष्ट आहे. शिवलकरांनी स्वतः काय केले, हे त्या वाक्यातून काहीच कळत नाही. सव्वीस हंगामांच्या अंतरावर पहिला आणि शेवटचा सामना असलेल्या गोलंदाजाची ओळख दुसऱ्यांच्या एका निर्णयावरून ठरावी, हे मला पटत नाही. म्हणून या दोघांना त्यांच्या खेळावरून आणि कामावरून आठवावे, यासाठी हे लिहीत आहे.

शिवलकरांचा जन्म १४ सप्टेंबर १९४० चा. प्रथम श्रेणीतील त्यांचे पदार्पण १९६१-६२ च्या हंगामात झाले. १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले आणि त्यांची सरासरी १९.६९ होती. डावात पाच बळी त्यांनी ४२ वेळा आणि सामन्यात दहा बळी १३ वेळा घेतले. एकट्या रणजी करंडकात त्यांचे ३६१ बळी आहेत. सरासरी वीसच्या आत ठेवून पाचशेहून अधिक बळी घेणे किती अवघड आहे, हे ज्याने थोडीफार फिरकी टाकली आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. शिवाय त्या काळात मुंबईचा संघ जवळपास दरवर्षी अंतिम फेरीपर्यंत पोहोचत असे, त्यामुळे यातले कित्येक बळी बाद फेरीतले, दडपणाखाली मिळवलेले आहेत.

त्यांतला एक सामना मी सर्वांत वर ठेवतो. १९७२-७३ च्या हंगामाचा अंतिम सामना चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध झाला. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून हातभर वळत होती. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन पक्के फिरकी गोलंदाज होते, तेव्हा अशी खेळपट्टी मुंबईलाच महागात पडेल असा अंदाज यजमानांनी बांधला असल्यास त्यात नवल नव्हते. मुंबईच्या धावा झाल्या १५१ आणि ११३. तमिळनाडूच्या झाल्या ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले, म्हणजे अंतिम सामन्यात ३४ धावांत १३ बळी. सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा रणजी करंडक जिंकला.

या आकड्यांकडे नीट पाहायला हवे. वळणाऱ्या खेळपट्टीवर कोणीही बळी घेतो, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रत्यक्षात अशा खेळपट्टीवर गोलंदाजाला मोह आवरता येत नाही. प्रत्येक चेंडू जास्तीत जास्त वळवावासा वाटतो, मग चेंडू फलंदाजाला आणि यष्टीला दोघांनाही चुकवून निघून जातो, फलंदाज वाचतो आणि मधल्या एखाद्या आखूड चेंडूवर चौकार मारून घेतो. दोन डावांत मिळून केवळ ३४ धावा दिल्या, याचा अर्थ असा आखूड चेंडू त्यांच्या हातून फारसा सुटलाच नाही. टप्पा एकच ठेवायचा, उंची किंचित कमीजास्त करायची आणि फलंदाजाला पुढे यावे की मागे जावे या संभ्रमात ठेवायचे, ही डावखुऱ्या फिरकीतली सर्वांत कष्टाची विद्या आहे.

रेगे यांचे आकडे एवढे मोठे नाहीत. ५२ प्रथम श्रेणी सामने, १५३२ धावा आणि १२६ बळी. ऑफस्पिन टाकणारा, खालच्या क्रमांकावर उपयुक्त धावा करणारा आणि पुढे मुंबईचे नेतृत्व केलेला खेळाडू. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून उठून ते पुन्हा मुंबईसाठी खेळले. निवृत्तीनंतरची त्यांची मुंबई क्रिकेटमधील कारकीर्द मैदानावरच्या कारकिर्दीपेक्षाही लांब होती. ते निवडकर्ते होते, निवड समितीचे अध्यक्ष होते आणि सल्लागारही होते. त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत, त्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

शिवलकरांना संधी का मिळाली नाही, या प्रश्नाचे 'बिशनसिंग बेदी' हे एका नावाचे उत्तर वर्षानुवर्षे दिले जाते. ते अपुरे आहे, असे मला वाटते. शिवलकर १९६१-६२ मध्ये आले तेव्हा बेदी अजून शाळकरी वयाचे होते. त्या वेळी भारतीय संघातील डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांच्या जागेवर बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी होते, आणि दोघेही उत्तम फलंदाजी करणारे होते. त्यातही नाडकर्णी मुंबईचेच, म्हणजे खुद्द मुंबईच्या संघातही शिवलकरांना तोच प्रतिस्पर्धी होता. नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकली आणि ३२ षटकांत केवळ ५ धावा दिल्या. अशा माणसाला बाजूला सारून तरुण गोलंदाजाला घेणे कोणत्याही निवडकर्त्याला जड गेले असते.

१९६६ च्या अखेरीस कोलकात्यात वेस्ट इंडिजविरुद्ध बेदींचे पदार्पण झाले. नाडकर्णी १९६८ मध्ये थांबले, पण तोवर बेदी पक्के झाले होते आणि पुढे १९७९ पर्यंत ६७ कसोटींत त्यांनी २६६ बळी घेतले. बेदींची जागा रिकामी झाली तेव्हा शिवलकर वयाच्या एकोणचाळिशीला टेकले होते आणि निवड समितीने ३१ वर्षांच्या दिलीप दोशींना घेतले. दोशींनी पदार्पणातच ऑस्ट्रेलियाविरुद्ध डावात सहा बळी घेऊन आणि पुढे ३३ कसोटींत ११४ बळी मिळवून ती निवड सार्थ ठरवली. म्हणजे १९६१ पासून १९७९ पर्यंत ही जागा खऱ्या अर्थाने कधी मोकळी पडलीच नाही, आणि जेव्हा पडली तेव्हा वय आड आले.

मन विषण्ण होते ते यातील नावे मोजताना. नाडकर्णी १७ जानेवारी २०२० ला गेले, दुराणी एप्रिल २०२३ मध्ये, बेदी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, शिवलकर मार्च २०२५ मध्ये आणि दोशी जून २०२५ मध्ये लंडनला. एका जागेचे पाचही दावेदार साडेपाच वर्षांत निघून गेले.

प्रतिसाद २

यात राजिंदर गोयल यांचे नाव घातल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. हरियाणाच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १५७ प्रथम श्रेणी सामन्यांत ७५० बळी घेतले आणि त्यांतले ६३७ रणजी करंडकातले आहेत. रणजीतील तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. २१ जून २०२० रोजी रोहतकला त्यांचे निधन झाले.

गोयल यांना टोपीने अगदी हाताच्या अंतरावरून चुकवले. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगळुरू कसोटीसाठी शिस्तभंगाच्या कारणावरून बेदींना वगळले होते आणि गोयल संघाबरोबर होते. परंतु प्रत्यक्ष अकरा जणांत चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन या तिघांना घेऊन संघ उतरला आणि गोयल बाहेर बसले. त्यानंतर तशी वेळ पुन्हा आली नाही. महाराष्ट्राच्या वाचकांना हा सामना आणखी एका कारणासाठी आठवावा. महाराष्ट्राचे यष्टिरक्षक-फलंदाज हेमंत कानिटकर यांचे कसोटी पदार्पण त्याच सामन्यात झाले आणि अँडी रॉबर्ट्सच्या माऱ्यासमोर त्यांनी पहिल्या डावात ६५ धावा केल्या. तेही २०१५ मध्ये गेले. एकाच ड्रेसिंग रूममध्ये एकाची इच्छा पुरी झाली आणि दुसऱ्याची कायमची राहिली.

भारतीय क्रिकेट मंडळाने २०१६ सालचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार गोयल आणि शिवलकर या दोघांना एकत्र दिला, ही त्या मंडळाने केलेली एक न्याय्य गोष्ट म्हणावी लागेल. सुनील गावसकरांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात थोर कसोटीपटूंच्या पंक्तीत या दोघांनाही बसवले होते, म्हणजे पुरस्काराच्या तीन दशके आधीच.

प्रतिसाद ३

चेपॉकच्या सामन्याचा उल्लेख वाचून आमच्या काकांची वही काढली. आमचे काका माटुंग्याच्या एका कचेरीत लिपिक होते आणि वर्तमानपत्रात येणारे रणजीचे धावफलक ते एका जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वहीत निळ्या शाईने उतरवून ठेवत. कात्रण का लावत नाही, असे विचारले तर म्हणत, लिहून काढले की लक्षात राहते. त्या वहीत चेपॉकच्या अंतिम सामन्याला पूर्ण पान आहे. तमिळनाडूच्या फलंदाजांच्या नावांसमोर 'गो. शिवलकर' किंवा 'झे. सोलकर गो. शिवलकर' असे लिहून लिहून शेवटी त्यांनी नाव न लिहिता नुसते 'शि.' लिहायला सुरुवात केली आहे. दुसऱ्या डावातले उरलेले पाच बळी एकनाथ सोलकरांचे आहेत आणि तिथे 'सो.' आहे. पानाच्या तळाशी मात्र त्यांनी 'पॅडी ८ + ५' (पॅडी म्हणजे शिवलकर) एवढेच ठळक अक्षरांत लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. काका फारसे बोलके नव्हते. त्या दोन रेघा हाच त्यांचा जल्लोष होता, असे आम्ही घरचे समजतो.

त्या वहीमुळे एक गोष्ट ध्यानात येते. शिवलकरांच्या बळींत त्यांच्या जवळ उभे राहणाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला आणि अजित वाडेकर स्लिपमध्ये असले की फलंदाजाला पुढे पाय टाकून चेंडू नुसता अडवणेही सुरक्षित वाटत नसे. २७ कसोटींत ५३ झेल घेणारा सोलकरांसारखा क्षेत्ररक्षक स्थानिक सामन्यांत रोज लाभणे हे भाग्य आहे. पण सोलकरांच्या हातात झेल जावा म्हणून चेंडू नेमक्या त्याच टप्प्यावर पुनःपुन्हा टाकणारा गोलंदाजही लागतोच. मुंबईच्या संघाची ती घडणच तशी होती, एकाचे यश दुसऱ्याच्या कष्टात मिसळलेले असे.

शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याचे आणि रेगे दादर युनियनचे, हेही येथे नोंदवावे. या दोन क्लबांची चुरस ज्यांनी पाहिली त्यांना रणजीचा सामना त्यामानाने शांत वाटत असे, असे काका म्हणत. मुंबईतील क्लबांच्या कांगा लीगचे सामने पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर होत. बाहेरचे गवत वाढलेले, चेंडू जमिनीवरून सीमेपर्यंत जातच नाही, फलंदाजाला धावांसाठी उंच फटका मारावाच लागतो आणि खेळपट्टी सुकू लागली की चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो. शिवलकरांसारख्या गोलंदाजाची शाळा ती होती. आणि अशा गोलंदाजीवर शनिवार-रविवारी खेळून तयार झालेले फलंदाज पुढे देशात कुठेही फिरकी आरामात खेळत, यातही आश्चर्य नाही.

धागाकर्ता

आपल्या काकांच्या वहीतील पानाविषयी वाचून फार बरे वाटले. मला नेमके हेच म्हणायचे होते. कोणा एकाने तो सामना इतक्या मनापासून उतरवून ठेवला, कारण त्या दिवशी शिवलकर भारतीय संघात आहेत की नाहीत याला त्याच्या लेखी महत्त्व नव्हते. ते मुंबईसाठी अंतिम सामना जिंकून देत होते, आणि मुंबईच्या माणसाला तेवढे पुरेसे होते. आज रणजी सामन्याच्या मैदानावर मोजकी माणसे असतात, म्हणून आपल्याला वाटते की रणजी ही केवळ पुढची पायरी गाठण्याची परीक्षा आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत ती स्वतःच एक मोठी गोष्ट होती. त्या मोजपट्टीने पाहिले तर शिवलकरांना काही मिळायचे राहिले, असे म्हणताना माझी जीभ अडखळते.

प्रतिसाद ४

धागाकर्त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनही मला येथे असहमती नोंदवायची आहे. टोपी मिळाली नाही, हे वाक्य आपण पुसून टाकू नये. ते पुसले तर ज्यांनी निर्णय घेतले त्यांचीही सुटका होते. गावसकर कर्णधार असताना त्यांनी शिवलकरांसाठी आग्रह धरला आणि निवडकर्त्यांना ते पटवू शकलो नाही, याची खंत त्यांनी शिवलकरांच्या निधनानंतर उघडपणे बोलून दाखवली. कर्णधाराला खंत वाटते, तर आपण ती बाजूला का सारावी?

दुसरे असे की, त्या पिढीच्या खेळाडूसाठी टोपी हा केवळ मानाचा प्रश्न नव्हता. रणजी खेळणाऱ्याला त्या काळी मिळणारे पैसे प्रवासखर्च आणि भत्त्याच्या पलीकडे फारसे जात नसत. घर चालायचे ते कचेरीतल्या नोकरीवर, आणि नोकरी मिळायची ती कचेरीच्या संघातून टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा खेळण्यासाठी. सकाळी सराव, मग कचेरी, सामन्यासाठी रजा, असा तो संसार होता. कसोटीपटू झालेल्याला पुढे ओळख, समालोचन, प्रशिक्षण, मंडळाकडून मिळणारी मदत अशी दारे उघडत. दुसऱ्याला ती ठोठवावी लागत. शिवलकरांच्या मराठी आत्मकथनाचे नाव 'हा चेंडू दैवगतीचा' असे आहे. म्हणजे त्यांनी स्वतःही हे शल्य लपवले नव्हते. मृत माणसाने जे शल्य जाहीरपणे बाळगले, ते आपण त्याच्या वतीने मिटवून टाकणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ मधील मुद्दा मान्य करून रेगे यांच्याविषयी लिहितो, कारण त्यांच्या आयुष्यात टोपीचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने येतो. गावसकर आणि ते लहानपणापासूनचे मित्र, सेंट झेवियर्स शाळेपासूनचे, आणि दोघे दादर युनियनमधून एकत्र खेळले. एक मित्र १९७१ मध्ये वेस्ट इंडिजला जाऊन पहिल्याच मालिकेत ७७४ धावा करतो आणि दुसऱ्याचे हृदय सव्विसाव्या वर्षी दगा देते. अशा वेळी पुष्कळ माणसे खेळापासून दूर जातात. रेगे परत आले, मुंबईसाठी खेळले आणि खेळ थांबल्यावर आपली सगळी जाण दुसऱ्यांना निवडण्यासाठी वापरली.

१९८८-८९ च्या हंगामात पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला मुंबईच्या रणजी संघात घेणाऱ्या निवड समितीत रेगे होते. आज तो निर्णय उघड वाटतो. त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मोठ्या माणसांच्या वेगवान गोलंदाजीसमोर उभे करण्याची जबाबदारी होती, आणि मुलगा जायबंदी झाला असता तर दोष निवडकर्त्यांवर आला असता. निवडकर्त्याच्या नावे कोणताही धावफलक नसतो, त्याने कोणाला ओळखले हे लोक लवकरच विसरतात, आणि त्याने कोणाला वगळले हे मात्र कायम लक्षात ठेवतात. शिवलकरांना वगळणाऱ्या निवडकर्त्यांविषयी आपण इतके लिहीत असू, तर योग्य वेळी योग्य मुलाला घेणाऱ्या निवडकर्त्याचीही आठवण तेवढ्याच तपशिलाने ठेवायला हवी.

प्रतिसाद ६

याच मालेत वासू परांजपे आणि सुधीर नाईक यांची नावे घेतो. परांजपे ३० ऑगस्ट २०२१ ला गेले. २९ प्रथम श्रेणी सामने, मोजक्या धावा, आणि तरीही दादर युनियनचा कर्णधार म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेल्या खेळाडूंची यादी पाहिली तर थक्क व्हायला होते. गावसकरांना 'सनी' हे नाव त्यांनीच दिले.

नाईक ५ एप्रिल २०२३ ला गेले. ते तीन कसोटी खेळले, पण मुंबईला ते आठवावेत ते १९७०-७१ च्या हंगामासाठी. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर असे सगळे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असताना उरलेल्या मुलांना घेऊन नाईकांनी रणजी करंडक मुंबईतच ठेवला आणि अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवले. पुढे वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखाली होती आणि २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी तयार केलेल्या खेळपट्टीवर झाला. माती, रोलर आणि पाणी यांत सकाळ-संध्याकाळ घालवणारा माजी कर्णधार मला तरी दुसरा ठाऊक नाही.

प्रतिसाद ७

नाईक यांचे उदाहरण फार योग्य आहे. क्रिकेटबाहेरचे एकच नाव जोडतो, कारण तेही हळूहळू विस्मरणात जात आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ ला पुण्यात गेले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले आणि १९६१ मध्ये सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत होते. त्यांना देशाकडून खेळायला मिळाले, मानसन्मान मिळाले, तरी आजच्या बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना ते नाव माहीत आहे? तेव्हा टोपी मिळाली की आठवण टिकते, हेही सर्वस्वी खरे नाही.

प्रतिसाद ८

गेलेल्यांची आठवण काढताना हयात असलेल्यांकडे लक्ष वेधतो, विषयाला सोडून नाही. अमोल मुझुमदार यांनी १७१ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,१६७ धावा केल्या, पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० काढल्या आणि तेही भारताकडून कधी खेळले नाहीत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ते त्या संघाचे प्रशिक्षक होते. त्या रात्री लाखो लोकांनी त्यांचे नाव घेतले, आणि ते ऐकायला ते स्वतः तिथे उभे होते. शिवलकर आणि गोयल यांना जीवनगौरव मिळाला तेव्हा दोघांनीही सत्तरी ओलांडली होती.

रणजीत मुंबईकडून किंवा महाराष्ट्राकडून खेळलेले, आज सत्तरीच्या पुढे असलेले कितीतरी खेळाडू दादर, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी राहतात. ज्यांची ओळख आहे त्यांनी जाऊन त्यांच्याकडून चेपॉकसारख्या सामन्यांची हकिकत ध्वनिमुद्रित करून घ्यावी. धावफलकात चेंडू कसा पडला हे कळत नाही. ते सांगू शकणारी माणसे थोडी उरली आहेत.

धागाकर्ता

प्रतिसाद ४ ला उत्तर देणे राहिले होते. आपला आक्षेप मी मान्य करतो, एका अटीवर. अन्याय सांगायचा तर तो पूर्ण तपशिलाने सांगावा, प्रतिसाद १ आणि २ मध्ये सांगितला आहे तसा: कोणत्या वर्षी, कोणती जागा, समोर कोण, वय किती. 'दुर्दैवी' एवढ्या एका शब्दात तो उरकला की अन्यायही कळत नाही आणि गोलंदाजही.

आपण आत्मकथनाच्या नावाचा दाखला दिलात. मी त्याच माणसाच्या आयुष्यातील एक घटना पुढे ठेवतो. शिवलकरांची नियमित कारकीर्द १९८०-८१ च्या सुमारास संपली होती. १९८७-८८ च्या हंगामात, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते पुन्हा मुंबईच्या रणजी संघातून खेळले. तोवर भारताच्या टोपीचा प्रश्न कधीचाच निकालात निघाला होता. बेदी निवृत्त झाले होते, दोशी निवृत्त झाले होते, निवड समितीला दाखवून देण्यासारखे काही उरले नव्हते. मुंबईला डावखुरा फिरकी गोलंदाज हवा होता आणि शिवाजी पार्कवर अजून तसा चेंडू टाकणारा एकजण होता, म्हणून ते गेले. त्या हंगामातील त्यांच्या सामन्यांचे सविस्तर धावफलक कोणाच्या संग्रही असतील, तर येथे द्यावेत. आपल्या काकांच्या वहीत ते वर्ष आले असेल, तर ते पान सर्वांत आधी पाहायला आवडेल.